ताठ पाठीचं भांडण

लाँड्रीच्या मागच्या खोलीत ताई असली की पुढे काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही ते कळायचं. वाफेच्या प्रेसच्या फुसफुसाटावर तिचा आवाज चढलेला असायचा. "हा लोकरीचा कोट मशीनमध्ये कुणी कोंबला? डोळे काय घरी खुंटीला टांगून आलात?" प्रेसवाला खाली मान घालून हसायचा आणि काउंटरवर बसलेला धाकटा भाऊ गिऱ्हाइकाकडे बघून कसनुसं हसायचा, जणू मागे कुणी वेडी बांधून ठेवली आहे.

एक खांदा कानापाशी गेलेला, दुसरा कमरेकडे उतरलेला. घाईघाईत अडकवलेल्या सदऱ्यासारखी ती दिसे, म्हणून प्रेसवाल्याने तिचं नाव 'हँगर' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. एकदा तिने त्याला तोंडावरच विचारलं, "मला हँगर म्हणतोस ना? म्हण. पण हँगर काढून घेतला तर तुमचं सगळ्यांचं काय होईल तेही बघ." प्रेसवाला त्या दिवशी जेवला नाही म्हणतात.

पाठ वाकडी व्हायला लागली ती शाळेत असतानाच. बापाचीच लाँड्री. तो म्हणायचा, हात चालतात ना पोरीचे, मग झालं. हात चालले. डाग काढण्यात तिचा हातखंडा. शाई, तेल, गंज, रक्त, कुणीही हार मानावी असा डाग तिच्याकडे आला की ती दातओठ खाऊन त्याच्या मागे लागायची. लग्न झालं नाही. बाप गेला तेव्हा लाँड्री दोघांच्या नावावर झाली, मागचं तिचं आणि पुढचं भावाचं. वरच्या मजल्यावर राहायला सगळे एकत्र.

पन्नाशी उलटली आणि पाठीने उरलासुरला तोल सोडला. ती पुढे झुकली, एका बाजूला कलली. खालची बरगडी कमरेच्या हाडावर घासू लागली. पोटाला जागाच उरली नाही, अर्ध्या ताटात पोट गच्च व्हायचं. उजव्या पायात मांडीपासून पोटरीपर्यंत चटके बसायचे. प्रेसपुढे ती एका कोपरावर रेलून उभी राहू लागली आणि रस्त्याने चालताना पहिल्या वळणापाशीच भिंत धरू लागली.

सर्जन गोड बोलणारा होता. त्याने तिचा एक्स-रे उजेडात लावला आणि पेनाच्या टोकाने कण्यावरून नागमोडी रेघ फिरवली.

"इथून इथपर्यंत स्क्रू घालायचे, दोन सळया टाकायच्या, कणा सरळ करायचा आणि हाडं एकमेकांना जुळवायची. ऑपरेशन मोठं आहे. तुमच्या वयात शंभरातल्या तीस-चाळीस जणांना काही ना काही त्रास होतोच. जंतुसंसर्ग, नसेला धक्का, रक्ताची गुठळी, सळई तुटणं, हाड न जुळणं. काहींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं."

"आणि उरलेले साठ?"

"बरेच जण म्हणतात, केलं ते बरं केलं."

ताईने साठावर बोट ठेवलं. त्या दिवसानंतर तीस-चाळीस हा आकडा तिने कुणाला तोंडातून काढू दिला नाही.

घरी भावाने नाक मुरडलं. "या वयात कशाला सुरीखाली मान देतेस, ताई? बस की आरामात. मी आहे ना."

ताईचं पित्त खवळलं. बाप गेल्यापासून भाऊ जेव्हा जेव्हा 'मी आहे ना' म्हणाला होता, तेव्हा तेव्हा तिचं काहीतरी गेलं होतं. आधी वरची खिडकीची खोली. मग गल्ल्याची किल्ली.

"तू आहेस म्हणूनच करून घेतेय," ती म्हणाली. "ताठ उभी राहिले की तुझ्या डोळ्यांत बघता येईल. आत्ता फक्त तुझं पोट दिसतं."

हाडं ठिसूळ झाली होती, म्हणून आधी काही महिने ती बळकट करायची इंजेक्शनं झाली. मग ऑपरेशन. सकाळी आत नेलं ते दिवस मावळल्यावर बाहेर आणलं.

पुढचे काही दिवस ती भ्रमात होती. अतिदक्षता विभागाच्या छताला ओल्या चादरी टांगल्या आहेत आणि त्या तिच्या तोंडावर ठिबकतायत असं तिला दिसायचं. भाऊ भेटायला आला तर तिने सगळा वॉर्ड गोळा केला. "चोर शिरलाय! हाकला त्याला! गल्ल्याला हात लावेल!" नर्सांसमोर भावाचा चेहरा लालबुंद झाला. शुद्धीवर आल्यावर हे तिला सांगितलं, तेव्हा ती विचार करून म्हणाली, "औषधाच्या गुंगीत माणूस खोटं बोलत नाही म्हणायचं."

पण शुद्ध आल्यावर दुसरंच पुढे आलं.

"उजवं पाऊल वर करा," नर्स म्हणाली.

"केलंय की."

नर्सने चादरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. पाऊल तसूभरही हललं नव्हतं. ताईने पुन्हा जोर लावला. मांडी थरथरली, गुडघा थरथरला, पाऊल मात्र ओल्या टॉवेलसारखं लोंबत राहिलं.

सर्जन आला, टोचून बघितलं, गुदगुल्या करून बघितलं. "सरळ करताना नस ताणली गेली. बहुतेकांचं काही महिन्यांत परत येतं."

"आणि नाही आलं तर?"

"मग पाऊल उचलून धरणारी पट्टी. बुटात घालायची." तो हे पावलाशी बोलला, तिच्याशी नाही.

टाके काढायच्या सुमारास जखमेतून पाणी यायला लागलं, मग पाण्याला वास यायला लागला. "संसर्ग झालाय," सर्जन म्हणाला. "पुन्हा उघडून आतून धुऊन काढावं लागेल."

"कोण धुणार? तुम्ही?" ताई पालथीच पडून गुरगुरली. "नीट धुवा. डाग राहिला तर मी माल ताब्यात घेत नाही, आधीच सांगून ठेवते."

सर्जन हसला नाही. पाठ पुन्हा उघडली, धुतली, शिवली. कित्येक आठवडे शिरेतून औषध चालू राहिलं. तोंडाची चव गेली, केस मूठमूठ गळले. शेवटी एकदाची ती घरी आली. भावाने आणि प्रेसवाल्याने तिला खुर्चीत बसवून जिना चढवला. पाठ सरळ झाली होती, यात वाद नव्हता. दोन्ही खांदे एका रेघेत आले होते. प्रेसवाला बघतच राहिला. "काय बघतोस?" ती म्हणाली. "नवीन नाव शोध आता."

घरी आल्यावर तिला जे कळलं ते कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, पण साठाच्या आनंदात तिने ऐकलं नसेल. खांद्यांच्या खालपासून माकडहाडापर्यंत आता पाठ वाकतच नव्हती. खाली पडलेला चमचा उचलता येईना. मोजा चढवता येईना. आणि संडासला गेल्यावर हात मागे पोहोचेना. पहिल्या दिवशी तिने सगळे प्रकार करून बघितले, घामाघूम झाली, आणि दाराला आतून टेकून रागाने रडली. मग हाक मारली. भावजयीखेरीज हाक मारायला होतंच कोण?

या दोघींचं कधीच पटलं नव्हतं. भावजय लग्न होऊन आली त्या आठवड्यात ताईने तिच्या माहेरची चादर धुऊन, 'हा रंग पक्का नाही' असं सांगून परत दिली होती. त्यानंतर दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. भावजय आली, बाह्या सारल्या, काम केलं, हात धुतले. चेहरा दगडाचा.

"उपकार करतेयस असं तोंड करू नकोस," ताई म्हणाली.

"वन्सं, तुम्ही मला आवडत नाही," भावजय टॉवेलला हात पुशीत म्हणाली. "कधीच आवडला नाहीत. पण घरात घाण वास मला चालत नाही. हलू नका, पडाल."

घरात पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं असं ताईला वाटलं. दुसऱ्या दिवशी दोघी त्याच कामाला त्याच तोंडांनी उभ्या राहिल्या. असं कित्येक महिने चाललं. मध्ये कधी भावजय पाणी जास्त गरम आणायची, कधी ताई मुद्दाम तिसऱ्यांदा हाक मारायची. तेवढाच सूड.

एक गोष्ट मात्र ताईला खटकत होती. खालून प्रेसचा आवाज येत नव्हता.

"दुरुस्तीला दिलंय," भावजय खिडकीकडे बघत म्हणाली.

"इतके दिवस? काय, गर्भार आहे का मशीन?"

भावजय बादली उचलून निघून गेली. वॉकर घेऊन चालायला येऊ लागलं त्या आठवड्यात ताईने जिना उतरायचं ठरवलं. व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओवाली नको म्हणत होती. ताई कठडा धरून, एकेक पायरी आडवी उतरत, लोंबतं पाऊल पट्टीत अडकवून खाली आली आणि मागच्या खोलीचं दार ढकललं.

खोली रिकामी होती. प्रेस नाही, पिळण्याचं यंत्र नाही, डाग काढायचं तिचं संगमरवरी फळीचं टेबल नाही. जिथे बाटल्यांची मांडणी होती तिथे भिंतीवर फक्त पांढरे चौकोन उरले होते. काउंटरमागे कपड्यांच्या मोठाल्या पिशव्या बांधून ठेवलेल्या, त्यांवर कुठल्यातरी मोठ्या धुलाई कारखान्याची चिठ्ठी. भावाने दुकानाची नुसती टपालपेटी करून टाकली होती. इथे कपडे घ्यायचे, गाडी येते, घेऊन जाते.

"ही काय पद्धत झाली?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानेच भाऊ दचकला.

"ताई, तू आधी बस."

"मला बसता येत नाही तसं. बोल."

"अगं, डॉक्टर काय काय सांगत होते. पाय गेला, मग पू झाला... तू परत उभी राहशील असं कुणालाच वाटलं नव्हतं. धंदा किती दिवस थांबवणार?"

"कुणालाच म्हणजे तुला."

"तुझ्या भल्यासाठीच केलं. तुला आता काम थोडंच—"

"माझी फळी कुठाय?"

भाऊ बिलबुकाची पानं उलटू लागला. फळी भंगारात गेली होती. ताईने वॉकर उचलला आणि काउंटरवर आपटला. बिलबुक, पेनं, पाण्याचा ग्लास, सगळं खाली गेलं. एक गिऱ्हाईक दारातूनच माघारी वळलं. आपटताना पाठीतून अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण ती पडली नाही. सळयांनी धरून ठेवलं.

"सांगितलं होतं मी त्यांना, वन्संना विचारा म्हणून," जिन्यावरून भावजय म्हणाली. नवऱ्याने वळून तिच्याकडे बघितलं तसं तिने पुढे जोडलं, "तुमच्या मायेपोटी नव्हे. नंतरची कटकट मलाच ऐकावी लागते."

त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद झालं. ताईने निरोप धाडून प्रेसवाल्याला बोलावलं. तो दुसऱ्या एका लाँड्रीत लागला होता, तिथली नोकरी सोडून आला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मागच्या खोलीचं गल्लीकडचं दार उघडलं. विटांवर चढवून एक उंच टेबल केलं, म्हणजे वाकायला नको. हाती धरायची वाफेची इस्त्री आली, बाटल्या आल्या, खाली पडलेलं उचलायला लांब चिमटा आला. फक्त डागांचं काम, बाकी काही नाही. भावाने मधल्या दाराला आपल्या बाजूने कडी घातली. ताईने आपल्या बाजूने कपाट सरकवलं.

पाऊल थोडं परतलं. अंगठा हलायला लागला, मग घोटा जरा उचलायला लागला. पायातले चटके तर ऑपरेशननंतर एकदाही आले नव्हते. ताट पुरं संपायचं. ती आरशासमोर उभी राहायची आणि कुणी नसेल तेव्हा जरा जास्तच ताठ व्हायची.

दीडेक वर्ष झालं असेल. दांडीवरचा कोट घ्यायला ती बाजूला वळली आणि 'कट्' असा आवाज झाला.

"बटण फुटलं," प्रेसवाला इस्त्रीखाली बघू लागला.

"बटण नाही रे," ताई म्हणाली. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

सळई तुटली होती. एक्स-रेत साफ दिसत होतं, कमरेपाशी दोन तुकडे, मध्ये फट. बातमी वर पोहोचली आणि भाऊ एवढ्या महिन्यांनी बोलला, तोही जिन्यातून, तिला ऐकू जाईल असा. "सांगत होतो मी. कोट उचलायची हौस! घ्या आता."

पाठीत करवत चालावी तशा वेदना होत होत्या, तरी दवाखान्यात जाईपर्यंत तिच्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. मी उचलला म्हणून तुटली का? मीच केलं का हे?

सर्जनच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसायची सोय होती, पण बसणं तिला अवघड, म्हणून ती भिंतीला धरून उभी राहिली. भिंतीवर एक मोठी चौकट. डावीकडे नागमोडी कणा, उजवीकडे सरळ कणा, स्क्रूंच्या दोन रांगा शिवणीच्या टाक्यांसारख्या नीट. खाली लिहिलं होतं, 'आधी' आणि 'नंतर'. समोर बसलेली एक वाकलेली बाई त्याच्याकडे आशेने बघत होती.

"छान आहे ना?" काउंटरवरची मुलगी कौतुकाने म्हणाली. "तुमचाच आहे, ताई. सर परिषदेलासुद्धा हाच दाखवतात."

 आत गेल्यावर सर्जनने नवा फोटो उजेडात लावला.

"कोट उचलला म्हणून झालं?" तिने विचारलं.

"नाही. हाडच जुळलं नव्हतं. हाड जुळेपर्यंत सळईने भार सांभाळायचा असतो. जुळलंच नाही तर वाकून वाकून ती कधीतरी तुटतेच. तुम्ही नुसत्या पडून राहिल्या असतात तरी तुटली असती."

"हे लिहून द्या. भावाच्या तोंडावर मारायचंय."

"ताई..."

"आणि बाहेर भिंतीवर माझा फोटो आहे. हा तिसरा त्याच्या शेजारी लावा."

सर्जनने चष्मा काढला. "लोक घाबरतील."

"घाबरू देत. मी घाबरले नाही, म्हणून इथे उभी आहे. तुमच्या फोटोत माझं पाऊल दिसत नाही. पू दिसत नाही. माझं कोण पुसतं ते दिसत नाही. फोटो चांगला आलाय तुमचा, मी नाही आले." तिने श्वास घेतला, कारण बोलतानाही कळ येत होती. "बाहेर एक बाई बसलीय. ती त्या भिंतीकडे बघून आत येणार आणि तुम्ही तिला साठ सांगणार."

"मी तुम्हाला तीस-चाळीसही सांगितले होते."

"सांगितले होते. एका श्वासात, पेन फिरवत."

सर्जनचा चेहरा उतरला. तो चिडलाही असावा, कारण कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. पण बोलला ते वेगळंच. "मला वाटलं होतं जुळेल. तुमचं तर नक्की जुळेल वाटलं होतं."

तिने आणखी दोन सर्जनांकडे खेपा घातल्या. दोघांनीही फोटो बघून हात मागे घेतला. दुसऱ्याने हात घातलेल्या पाठीत शिरायला कुणी तयार नव्हतं. ताईला त्यांचा राग आला नाही. भलत्याने ब्लीच ओतून ठेवलेलं कापड तीही आल्या पावली परत करायची. शेवटी पुन्हा त्याच दवाखान्यात गेली. भिंतीवर चौकट नव्हती, नुसता खिळा होता. तिसरा फोटो लावण्यापेक्षा दोन्ही काढून टाकणं त्याला सोपं गेलं होतं.

या खेपेला तिने त्याला खुर्चीत बसवून ठेवलं आणि स्वतः उभी राहून एकेक विचारलं. पाऊल आणखी जाईल का? जाऊ शकतं. पुन्हा पू? होऊ शकतो. पुन्हा तुटेल? चार सळया घालू, तुमच्याच कमरेचं हाड काढून भरू, पण शब्द देत नाही. नाही केलं तर? हळूहळू पुन्हा पुढे झुकाल, वेदना राहतील. पुसायचं काय? सर्जनने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "लांब दांड्याचं साधन मिळतं. पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ताई म्हणाली.

दुसरं ऑपरेशन झालं. भ्रम या वेळी एकच दिवस टिकला. पोटरीत गुठळी झाली, ती औषधाने विरघळली. पाऊल जिथे होतं तिथेच राहिलं. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी भावजय बादली घेऊन दारात उभी.

"मी बोलावलं नाही," ताई म्हणाली.

"मीही हौसेने आले नाही. उठा."

लांब दांड्याचं साधन जमायला काही दिवस लागले. जमलं त्या दिवशी ताईने सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नकोस."

"सुटले," भावजय म्हणाली, बादली उपडी केली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती पुन्हा दारात आली. साबण आहे का बघायला आले म्हणाली. साबण होता. तिने तो हातात घेऊन बघितला, पुन्हा ठेवला आणि दार आपटून गेली.

हाड जुळायला वर्ष गेलं. आता जुळलंय म्हणतात. ताईला विचारलं, केलं ते बरं केलं का, तर उत्तर त्या दिवशीच्या पाठीवर ठरतं. चालते म्हणून हो म्हणते, मोजा चढवताना शिव्या घालते. त्या वाकलेल्या बाईलाही तिने असंच काहीतरी सांगितलं. ती बाई पत्ता काढून गल्लीत आली होती आणि ताईने तिला उंच टेबलापाशी उभी करून सगळं ऐकवलं, पू आणि पुसण्यासकट. बाई रडत गेली. तिने पुढे काय केलं ते ताईला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

मधलं दार अजून बंद आहे. त्यामुळे रोज सकाळी ताईला मुख्य रस्त्याने वळसा घालून, भावाच्या काउंटरसमोरून मागच्या गल्लीत जावं लागतं. पट्टीतलं पाऊल फरशीवर फटक फटक वाजतं. गिऱ्हाइकं वळून बघतात आणि भाऊ बिलबुकात डोकं खुपसतो. ताईची मान तेवढी वळते, पण त्याच्याकडे नीट बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. तेवढे कष्ट ती घेत नाही.